कोकणातील घरात डक्टचा एसी: आखणीतील नेहमीच्या चुका आणि त्या टाळण्याची रीत

गुहागर तालुक्यातील आमच्या घरात डक्टचा एसी, म्हणजे एकाच यंत्राची थंड हवा पत्र्याच्या मार्गांतून (डक्टमधून) खोल्याखोल्यांत नेणारा एसी, बसवून वर्ष झाले होते, तेव्हा ऐन गणपतीत माजघराच्या फॉल्स सिलिंगवर ताटाएवढा पिवळट डाग पडला. कौल फुटले असणार असे गृहीत धरून आम्ही गड्याला छपरावर चढवले. त्याने दोन ओळी उतरवून पुन्हा लावल्या, चार कौले बदलली, आणि डाग मात्र वाढतच राहिला. शेवटी जिप्समचा तुकडा कापून वर पाहिले, तेव्हा पाणी पावसाचे नव्हतेच. थंडगार डक्टला घाम येऊन तो थेंबाथेंबाने सिलिंगवर पडत होता. छपराची मजुरी वाया गेली, शिवाय डक्टवरचे सगळे इन्सुलेशन, म्हणजे उष्णता रोखणारे आवरण, उतरवून नव्याने करावे लागले. आखणीच्या वेळी कागद घेऊन दोन तास बसलो असतो, तर दोन्ही खर्च टळले असते.

डक्टविषयीचे जे ठोकताळे सर्वत्र सांगितले जातात, ते बहुतेक करून ज्या मुलखांत एकाच डक्टमधून हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड हवा खेळवतात, तिथून आलेले आहेत. कोकण किनारपट्टीवर घर गरम करण्याची गरज पडत नाही, त्यामुळे ‘हॉट अँड कोल्ड’ यंत्रासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. इथला प्रश्न ओलाव्याचा आहे. पावसाळ्याचे चार महिने हवेतील आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळते, आणि डक्टचा मार्ग, इन्सुलेशनची जाडी, परतीची हवा, यंत्राची क्षमता यांपैकी प्रत्येक निर्णयाशी हा ओलावा कुठे ना कुठे येऊन भिडतो. म्हणून आखणी करताना मे महिन्यातील दुपारपेक्षा जुलैमधील पावसाळी रात्र डोळ्यांसमोर ठेवावी.

डक्टचा घाम

३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो अंश, सुमारे २६ असतो. तापमान २८ अंशांवर उतरले आणि आर्द्रता ९० टक्क्यांवर चढली, तरी तो जवळपास तेवढाच राहतो. डक्टमधून वाहणारी हवा मात्र १२ ते १४ अंशांची असते. इन्सुलेशनचा बाहेरचा पृष्ठभाग २६ अंशांखाली गेला, की त्यावर पाणी जमणारच. पहिल्या स्थितीत आपल्या हाती जेमतेम चार अंशांची सवलत असते, दुसऱ्या स्थितीत दोन अंशांचीही नसते. बंद पेशींच्या (आतील छिद्रे एकमेकांना न जोडलेल्या) नायट्राइल रबरच्या इन्सुलेशनचा हिशेब मांडला, तर पहिल्या स्थितीत १९ मिलिमीटर जाडी पुरते, दुसऱ्या स्थितीत मात्र ३० मिलिमीटरच्या घरात जावे लागते. काम घेणारे अनेकदा १३ मिलिमीटरचा थर देऊन मोकळे होतात. तो थर एप्रिलमध्ये निर्दोष दिसतो आणि जुलैत ठिबकू लागतो.

व्यवहारात एवढे पाळावे: डक्ट थंड होणाऱ्या खोलीच्या आतूनच जात असेल तर १९ मिलिमीटर, आणि कौलांखालच्या उघड्या माळ्यावरून जाणार असेल तर ३२ मिलिमीटर. हा जाड थर दोन पातळ थरांनी करायचा झाल्यास वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत. ग्लास वूल (काचेची लोकर) स्वस्त पडते, पण त्याचा ओलाव्यापासून बचाव केवळ वरच्या ॲल्युमिनियम फॉइलवर अवलंबून असतो. फॉइलला एक खिळा लागला किंवा टेपचा एक कोपरा सुटला, की दमट हवा आत शिरते, लोकर भिजते, आणि भिजलेली लोकर उष्णता रोखण्याच्या कामाची राहत नाही. किनाऱ्यावर ग्लास वूल वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी डक्टच्या सरळ भागावर क्वचितच जमते. ते जमते सांध्यांवर. दोन डक्ट जोडणारे फ्लँज, डँपरची (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) मूठ, ग्रिलच्या (हवा खोलीत सोडणाऱ्या जाळीच्या) मागची कॉलर आणि डक्ट टांगणाऱ्या पट्ट्या या जागा कारागीर घाईत उघड्या सोडतो. लोखंडी पट्टी थेट पत्र्याला टेकवून वरून रबर गुंडाळले, तर पट्टी थंड होऊन तिच्यावरून पाणी ओघळते. पट्टी इन्सुलेशनच्या बाहेरून घ्यावी आणि तिच्याखाली रबर दबू नये म्हणून लाकडी गुटका किंवा कडक फोमची बैठक ठेवावी.

ॲल्युमिनियमच्या ग्रिललाही घाम येतो, विशेषतः ओटीकडे उघडणाऱ्या दाराजवळ ग्रिल असेल तेव्हा. आमच्याकडे गणपतीत दार दिवसभर उघडे असते, माणसांची ये-जा थांबत नाही, आणि ग्रिलवरून आरतीच्या ताटात थेंब पडतात. अशा दिवशी एसी बंद ठेवून पंखे लावावेत, हा उपाय कोणत्याही इन्सुलेशनपेक्षा स्वस्त आहे. एरवी पावसाळ्यात तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवावे. २०२० पासून स्टार लेबल असलेले घरगुती एसी मुळातच २४ अंशांवर लावलेले येतात, ते मुद्दाम १८ वर नेण्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त पत्रे अधिक गार होतात.

छपराची गळती आणि डक्टचा घाम यांतील फरक ओळखण्याची सोपी रीत अशी आहे. एसी पूर्ण एक दिवस बंद ठेवावा आणि त्या दिवशी पाऊस पडूनही डाग कोरडा राहिला, तर दोष डक्टचा आहे. उघडीप असूनही एसी दोन-तीन तास चालल्यावर ठिबक सुरू होत असेल, तरी निष्कर्ष तोच. कौलांतून येणारे पाणी बहुधा मातकट असते, घामाचे पाणी स्वच्छ असते.

डक्ट कुठून न्यावा

मंगलोरी कौलांचे छप्पर हवा खेळती राहावी म्हणूनच तसे असते. कौलाकौलांमधील फटींतून वारा आत-बाहेर करतो आणि त्यामुळे घर राहण्याजोगे राहते. तोच माळा डक्टसाठी मात्र सर्वांत वाईट जागा ठरतो. उन्हाळ्यात तो तापतो, पावसाळ्यात बाहेरच्या इतकाच दमट असतो, आणि तिथे डक्टचा एखादा सांधा सुटला तर थंड हवा परस्पर कौलांतून निघून जाते, कोणाला पत्ताही लागत नाही. शक्य असेल तर यंत्र आणि मुख्य डक्ट घराच्या मधल्या पॅसेजमध्ये, सिलिंग फूट-सव्वा फूट खाली घेऊन, थंड होणाऱ्या भागातच बसवावेत आणि तिथून दोन्ही बाजूंच्या खोल्यांत आखूड फांद्या काढाव्यात. यात पॅसेजची उंची जाते, पण डक्टची लांबी निम्मी होते.

माळ्यावरूनच न्यायचे झाल्यास आणखी एका रहिवाशाचा विचार करावा लागतो. उंदीर प्लास्टिकच्या लवचीक डक्टला एका रात्रीत भोक पाडतात, आणि आत उबदार लोकर मिळाली तर संसारही थाटतात. माळ्यावर पत्र्याचाच डक्ट वापरावा.

आकाराचा हिशेब

‘इतक्या चौरस फुटांना इतके टन’ हा हिशेब कानावर सतत पडतो आणि तो बहुधा जास्तीच्या बाजूला चुकतो. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), अर्थात सुमारे ३.५ किलोवॉट. जास्त टनांचे यंत्र खोली दहा मिनिटांत थंड करते आणि थांबते. हवेतील पाणी काढण्यासाठी कॉइल, म्हणजे हवा थंड करणारी यंत्रातील नळ्यांची जाळी, सलग बराच वेळ गार राहावी लागते, तेवढा वेळच तिला मिळत नाही. परिणामी खोली गार पण चिकट राहते, उशी ओलसर लागते आणि कपाटातील चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. गणपतीतील तीस माणसांची गर्दी धरून यंत्राची क्षमता ठरवणे ही याच चुकीची कोकणी आवृत्ती आहे: पाच दिवसांसाठी उरलेले तीनशे साठ दिवस बिघडवू नयेत. वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हा दोष बराच झाकतो, पूर्ण नाही.

हवेचे प्रमाण ठरवताना एका टनाला मिनिटाला ४०० घनफूट, म्हणजे ४०० सीएफएम, हा आकडा सर्रास धरतात. दमट हवामानात तो ३५० च्या आसपास ठेवावा. हवा कॉइलवरून थोडी सावकाश गेली, की ती अधिक पाणी सोडते. आता एक उदाहरण पाहू. माजघराला दीड टन आणि दोन निजायच्या खोल्यांना प्रत्येकी पाऊण टन, असे मिळून तीन टन लागतात असे समजा. एकूण हवा १,०५० सीएफएम, माजघराच्या वाट्याला ५२५ आणि प्रत्येक खोलीला सुमारे २६०. घरात आवाज नको असेल तर मुख्य डक्टमधील वेग मिनिटाला ८०० फुटांच्या आसपास आणि फांदीतील वेग ५५० फुटांच्या आसपास असावा. १,०५० ला ८०० ने भागले की १.३१ चौरस फूट, म्हणजे १८९ चौरस इंच, एवढे क्षेत्रफळ येते. १६ × १२ इंचांचा डक्ट त्यासाठी बरोबर बसतो. खोलीच्या फांदीला सुमारे ६८ चौरस इंच लागतात, म्हणजे १० इंच व्यासाचा गोल डक्ट घ्यावा. प्रत्यक्षात इथे सर्रास ८ इंचांचा टाकला जातो. त्याचे क्षेत्रफळ ५० चौरस इंचच असल्याने हवेचा वेग ७५० फुटांवर जातो आणि रात्री डोक्याशी शिट्टी वाजत राहते.

व्यासातील दोन इंचांची ही बचत वाटते त्याहून महाग असते. तेवढीच हवा न्यायची असेल तर डक्टचा विरोध व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणून १० ऐवजी ८ इंच घेतल्यास विरोध तिप्पट होतो. सिलिंगमध्ये लपणाऱ्या लहान कन्सील्ड यंत्रांचा पंखा बहुधा ३० ते ५० पास्कल एवढाच दाब देऊ शकतो, आणि त्यातील मोठा वाटा फिल्टर व ग्रिल खातात. उरलेल्या दाबात निमुळता, वळणावळणांचा डक्ट पार करून शेवटच्या खोलीपर्यंत हवा पोहोचेल, अशी अपेक्षाच चुकीची आहे. यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याच्या माहितीपत्रकातील ‘एक्स्टर्नल स्टॅटिक प्रेशर’, म्हणजे यंत्राबाहेरच्या डक्टसाठी पंखा देऊ शकेल तो दाब, हा आकडा विचारावा. विक्रेत्याला तो सांगता आला नाही, तर विक्रेता बदलावा.

सिलिंगची उंची वाचवण्यासाठी डक्ट चपटा करण्याचा मोह सर्वांनाच होतो. १२ × १२ इंच आणि ३६ × ४ इंच या दोन्हींचे क्षेत्रफळ १४४ चौरस इंचच आहे, पण पहिल्याचा परीघ ४८ इंच आहे आणि दुसऱ्याचा ८० इंच. पत्रा जास्त, इन्सुलेशन जास्त, घर्षण जास्त आणि घाम येण्याची जागाही जास्त. रुंदी उंचीच्या चौपटीपेक्षा अधिक कधीही होऊ देऊ नये.

परतीची हवा

आखणीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते खोलीतून यंत्राकडे परत जाणाऱ्या हवेकडे. बहुतेक घरांत परतीची एकच जाळी पॅसेजमध्ये असते. दिवसा दारे उघडी असताना सगळे ठीक चालते. रात्री खोलीचे दार लावले की आत सोडलेल्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही. खोलीत दाब वाढतो, थंड हवा खिडकीच्या फटींतून निघून जाते, आणि पॅसेजमध्ये तेवढीच तूट पडून बाहेरची दमट हवा स्वयंपाकघराकडून व कौलांतून आत ओढली जाते. दाराखाली इंचभर फट ठेवली की झाले, असे सांगणारे भेटतात. अडीच फुटी दाराखालच्या इंचभर फटीचे क्षेत्रफळ ३० चौरस इंच भरते आणि त्यातून आवाज न होता जेमतेम ६० सीएफएम हवा जाते. आपल्याला २६० सीएफएम परत न्यायची आहे. त्यासाठी दारावर किंवा भिंतीत साधारण २४ × ८ इंचांची, आरपार न दिसणारी जाळी बसवावी, अथवा त्या खोलीतून परतीचा स्वतंत्र डक्ट काढावा.

पैसे वाचवण्यासाठी फॉल्स सिलिंगवरची पोकळीच परतीचा मार्ग म्हणून वापरणे ही इथली सर्वांत घातक पद्धत आहे. वर स्लॅब असलेल्या फ्लॅटमध्ये ती एक वेळ चालून जाते. वर कौले असतील तर यंत्र खोलीतील हवा घेण्याऐवजी माळ्यावरची दमट हवा, तांबडी धूळ आणि वटवाघळांच्या विष्ठेचा वास ओढत राहते. परतीचा डक्टही पत्र्याचाच, सांधे बुजवलेला आणि यंत्रापर्यंत अखंड असावा. वरच्या उदाहरणात तो १८ × १२ इंच घ्यावा आणि त्याची जाळी चार ते साडेचार चौरस फुटांची असावी.

याच संदर्भात स्वयंपाकघरातील चिमणीकडे लक्ष द्यावे. तासाला १,००० घनमीटर क्षमतेची चिमणी सुमारे ५९० सीएफएम हवा बाहेर फेकते, म्हणजे आपल्या पूर्ण यंत्राच्या निम्म्याहून अधिक. चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि माजघराकडचे दार लावलेले असावे.

वळणे, लवचीक डक्ट आणि ग्रिल

यंत्राच्या तोंडाशीच काटकोनात वळण दिले, तर पंख्याचा बराच जोर तिथेच संपतो. पहिल्या वळणाआधी डक्टच्या रुंदीच्या निदान तिप्पट सरळ लांबी ठेवावी; वळण गोलाईचे असावे आणि जागाच नसेल तर आत हवा वळवणाऱ्या पात्या बसवून घ्याव्यात. लवचीक डक्ट फक्त शेवटच्या चार-पाच फुटांत, ग्रिलला जोडण्यापुरता वापरावा, तोही पूर्ण ताणून. सैल सोडलेला किंवा झोळीसारखा लोंबणारा डक्ट हवेला अडवतो. प्रत्येक फांदीवर वॉल्यूम डँपर हवा, आणि तो ग्रिलपाशी न ठेवता मुख्य डक्टपासून फांदी फुटते तिथे ठेवावा, म्हणजे हवा कमी करताना खोलीत आवाज येत नाही.

ग्रिलची तोंडे पलंगाच्या उशाकडे नसावीत, हे सगळ्यांनाच सुचते. देव्हाऱ्याकडेही नसावीत, हे निरांजन दोन-तीनदा विझल्यावर सुचते.

सांधे बुजवण्यासाठी कापडी टेप वापरू नये. दमट हवेत तिचा गोंद वर्ष-दोन वर्षांत सुटतो. आधी सीलंट भरावा, मग वरून ॲल्युमिनियम टेप लावावी.

खारा वारा आणि पाऊस

धातूच्या डक्टसाठी आयएस ६५५ आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यासाठी आयएस २७७ ही भारतीय मानके आहेत. किनाऱ्यालगत १२० ग्रॅम जस्ताचा पत्रा न घेता चौरस मीटरला २७५ ग्रॅम मुलाम्याचा पत्रा मागावा. स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण पत्र्याआधी स्क्रूच गंजतात. बाहेरचे युनिट समुद्राकडच्या भिंतीवर न लावता घराच्या आडोशाला लावावे, त्याच्या कॉइलच्या पातळ पात्यांना गंजरोधक लेप असावा, आणि पावसाळा सोडून इतर महिन्यांत ते गोड्या पाण्याने अधूनमधून धुवावे.

जांभ्याची भिंत कोरणे सोपे असते, म्हणून पाइपसाठी तिला कुठेही भोक पाडले जाते. जांभा सच्छिद्र आहे आणि पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. म्हणून भोक शक्यतो पूर्वेच्या भिंतीत घ्यावे, त्यात बाहेरच्या बाजूला उतार असलेली पीव्हीसी नळी बसवावी, कडा सीलंटने बुजवाव्यात आणि वर लहानसा सज्जा काढावा.

निचऱ्याच्या नळीला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार द्यावा. पावसाळ्यात असे यंत्र तासाला काही लिटर पाणी सहज काढते. नळीवरही इन्सुलेशन हवे, अन्यथा तिलाच घाम येतो. यंत्राच्या आतील पंखा पाणी उलट ओढू शकत असल्याने नळीला पाणी अडवणारा वाकडा ट्रॅप लागतो, आणि बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लागते, कारण पाली आणि मुंग्या तिथे हमखास शिरतात. यंत्राखाली दुसरी तसराळी ठेवून तिची नळी सहज दिसेल अशा जागी सोडावी. तिच्यातून पाणी आले, की मुख्य नळी तुंबली हे लगेच कळते.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी

सिलिंग बंद करण्याआधी पंखा चालू करून प्रत्येक सांध्याजवळ पेटती उदबत्ती फिरवावी. धूर हलला तिथे गळती आहे. मग कारागिराकडून प्रत्येक ग्रिलवरची हवा ॲनिमोमीटरने (हवेचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) मोजून घ्यावी आणि कागदावरील आकड्यांशी ताडून पाहावी. एखाद्या खोलीत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर डँपर फिरवून तो दूर करायला लावावा. हे सर्व दारे लावून करावे, कारण उघड्या दारांनी केलेली मोजणी रात्री उपयोगाची नसते. यंत्र आणि डँपर यांच्याखाली सिलिंगमध्ये माणसाचा हात व खांदा जाईल एवढी झडप ठेवलेली आहे याचीही खात्री करून घ्यावी.

वापरताना पंखा ‘ऑटो’वर असावा. कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहिला, तर कॉइलवर जमलेले पाणी पुन्हा खोलीतच मिसळते. घर बंद करून मुंबईस जाणाऱ्यांनी निघण्याच्या दिवशी याच्या उलट करावे: कूलिंग बंद करून तासभर नुसता पंखा चालवावा, म्हणजे कॉइल व डक्ट आतून कोरडे होतील, फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून बसवावेत, आणि निचऱ्याच्या नळीत व ट्रॅपमध्ये तांब्याभर स्वच्छ पाणी ओतून ते बाहेर पडते आहे हे अंगणात जाऊन पाहावे.